वहीपासून पदवीपर्यंत : वऱ्हाडातील वाणिज्य शिक्षणाचा मागोवा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने 'समाज आणि शिक्षण' हा विषय सुचविला. धर्मशिक्षण व पाठशाळा यांविषयी अधिकारवाणीने लिहू शकतील असे जाणकार समाजात आहेत. मी व्यवसायाने कापड व्यापारी आणि नागपूर विद्यापीठाचा १९८२ सालचा बी.कॉम. तेव्हा ज्या शिक्षणाचा आपल्या घरांशी सर्वाधिक संबंध आला आणि ज्याची सर्वांत कमी चर्चा झाली, त्या वाणिज्य पदवीचा इतिहास मांडणे मला उचित वाटले.

अकोटमधील आपल्या जुन्या कुटुंबांत एकही बी.कॉम. नाही असे घर विरळाच. तरीही या पदवीकडे पाहण्याची आपली दृष्टी काहीशी उपेक्षेचीच राहिली. मुलगा डॉक्टर झाला तर पेढे वाटले जातात, बी.कॉम. झाला तर दुसऱ्या दिवशी दुकानाच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या जातात. "शेवटी गादीवरच बसायचे, तर कॉलेजात तीन वर्षे कशाला घालवायची? हिशेब तर आपल्या रक्तातच आहे," हा प्रश्न माझ्या पिढीतील प्रत्येकाने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

हिशेबाचा प्राचीन वारसा

हिशेब आपल्या रक्तात आहे, हे म्हणणे पोकळ नाही. इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. त्यातील 'मिश्रकव्यवहार' या प्रकरणात मुद्दल व व्याज, भागीदारांमधील नफ्याची वाटणी, निरनिराळ्या कसाच्या सोन्याचे मिश्रण अशी उदाहरणे आहेत. आज बी.कॉम.च्या प्रथम वर्षात जे व्यापारी गणित शिकविले जाते, त्याचा गाभा एका जैन आचार्यांनी दख्खनच्या भूमीत साडेअकराशे वर्षांपूर्वी ग्रंथबद्ध करून ठेवला होता. या ग्रंथाची रंगाचार्यांनी केलेली इंग्रजी आवृत्ती १९१२ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झाली. दिल्लीत खिलजी राजवटीच्या काळात ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्याने नाण्यांच्या कसावर 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ लिहिला, तोही याच परंपरेतील.

हा झाला ग्रंथांचा वारसा. व्यवहारात आपल्या पेढ्यांवर कीर्द-खतावणीची पद्धत होती. लाल कापडी बांधणीची लांब वही, रोजच्या व्यवहारांची कीर्द, त्यावरून खातेनिहाय उतरविलेली खतावणी आणि शेवटी तेरीज. प्रत्येक रक्कम कोणाच्या तरी नावे आणि कोणाच्या तरी जमा. इटलीतील लुका पाचोली या धर्मगुरूने १४९४ मध्ये व्हेनिस येथे द्विनोंदी पद्धतीचे विवेचन छापून प्रसिद्ध केले, म्हणून जगभर तिचे श्रेय त्याला दिले जाते. परंतु जमा व नावे यांचा मेळ बसलाच पाहिजे, हे तत्त्व आपले मुनीमजी कोणतेही पुस्तक न वाचता पाळत होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट धर्माची. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'कूटलेखक्रिया' आणि 'न्यासापहार' यांचा समावेश आहे. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे. न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळंकृत करणे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी वजने-मापे आणि भेसळ येते. खोटी नोंद हा व्रतभंगाकडे नेणारा दोष आहे, ही शिकवण कोणत्याही कंपनी कायद्याच्या कितीतरी शतके आधीची आहे.

मग उणीव कोठे होती? आपली वही सच्ची असली तरी ती खासगी होती. ती मालकासाठी लिहिली जाई, मालकाच्या घरी राही आणि तिचा अर्थ मालक व मुनीम या दोघांनाच कळे. एका कुटुंबाचे भांडवल एका कुटुंबाच्या पेढीत होते, तोवर यात काहीच बिघडत नव्हते. परक्याचा पैसा व्यापारात येऊ लागला तेव्हा चित्र पालटले.

कापसाची तेजी आणि तिचा धडा

हा बदल आपल्या वऱ्हाडच्या कापसाशीच जोडलेला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँकेस्टरच्या गिरण्यांचे लक्ष हिंदुस्थानकडे वळले. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजारात सोन्याच्या मोलाने विकला गेला. त्या पैशावर मुंबईत बँका व जमीन-भरणी कंपन्यांचे पेव फुटले. या काळातील सर्वांत मोठे नाव म्हणजे सुरतचे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद. त्यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये व मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि आजही उभा आहे.

१८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्याबरोबर शेअरबाजारही कोसळला. असंख्य घराणी बुडाली; स्वतः प्रेमचंदजींची प्रचंड संपत्तीही त्यात गेली. सरकारी भांडवल असलेली जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. पुरेशा तारणाविना कर्जे दिली गेली होती, हे त्यानंतरच्या चौकशीत स्पष्ट झाले. भागधारकांना कंपनीचे खरे चित्र कळण्याची सोयच नव्हती. हजारो लोकांचा पैसा एकत्र येतो तेव्हा मालकाची स्मरणशक्ती आणि मुनीमजींची निष्ठा पुरी पडत नाही. कोणाही त्रयस्थाला वाचता येईल व तपासता येईल असा हिशेब लागतो. १८६५ चा धडा मला तरी हाच दिसतो.

वऱ्हाडातही हीच जाणीव वेगळ्या मार्गाने आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. अकोट परिसराचा कापूस बैलगाड्यांनी अकोल्याच्या स्टेशनाकडे जाऊ लागला. व्यापार वाढला तसा वजनकाटा, दलाली व कडत्याच्या तक्रारीही वाढल्या. १८८६ मध्ये कारंजा येथे देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ स्थापन झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. मापारी व दलाल यांना परवाना आणि बाजारावर समितीची देखरेख ही आज सर्वत्र रूढ असलेली व्यवस्था प्रथम आपल्या प्रदेशात आली. कारंजा हे जैन समाजाचे जुने केंद्र. तेथील व्यापाऱ्यांना खुल्या व्यवहाराची शिस्त देशात सर्वांत आधी लागली, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावा.

वाणिज्य महाविद्यालयांचा उदय

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १८८१ मध्ये जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीच्या देणगीतून विद्यापीठीय स्तरावर व्यापार शिक्षण सुरू झाले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने १९०२ च्या सुमारास वाणिज्य शाखा उघडली. आपल्या देशात १८८६ मध्ये मद्रास येथे पचैयप्पा धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांनी पहिली वाणिज्य शाळा काढली. १८९५ मध्ये कालिकत येथे सरकारी वाणिज्य शाळा निघाली. या शाळांतून मुख्यतः कारकून व टंकलेखक तयार होत. व्यापार हा पदवीचा विषय होऊ शकतो, हे मान्य होण्यास आणखी काळ जावा लागला.

ते मुंबईत घडले. १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स सुरू झाले. आशियातील हे पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, म्हणजे कला, वैद्यक व कायदा या पदव्यांनंतर व्यापाराला तेथे प्रवेश मिळण्यास ५६ वर्षे लागली. ज्या विद्यापीठाचा मनोरा व्यापाऱ्याच्या पैशातून उभा राहिला, तेथे व्यापाराची विद्या इतक्या उशिरा पोहोचली.

१९१३ या सालाला आणखी एक महत्त्व आहे. त्याच वर्षी नवा कंपनी कायदा झाला आणि हिशेब तपासनिसाला विहित पात्रता असावी लागते, हे तत्त्व देशात आले. १९१८ मध्ये मुंबईत सरकारी लेखाशास्त्र पदविका सुरू झाली. पुढे १ जुलै १९४९ रोजी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया स्थापन झाली. पदवी, कायदा आणि लेखापरीक्षण ही तिन्ही एकाच गरजेतून निर्माण झाली आहेत. ती गरज म्हणजे परक्यास दाखविता येईल असा हिशेब.

आपल्या समाजाने या नव्या विद्येला काय प्रतिसाद दिला? महाविद्यालय मुंबईत आणि मुले गावोगावी. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमूळ वर्ज्य, गाळलेले पाणी हे नियम पाळून परक्या शहरात राहणे कठीण. त्यामुळे अनेक पालक मुलास पाठवीतच नसत. ही अडचण ओळखून दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले. १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. नाव विद्यालय असले तरी ती उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची निवास-भोजनाची संस्था आहे. धर्म सांभाळून पदवी घेता येते, हे या वसतिगृहांनी सिद्ध केले. समाजाच्या दानातून उभ्या राहिलेल्या एका खोलीने व एका ताटाने किती घराण्यांचे भविष्य बदलले, याची मोजदाद कोणत्याच वहीत नाही.

पदवी वऱ्हाडात येते

वऱ्हाडचा तरुण मात्र दीर्घकाळ या शिक्षणापासून दूरच राहिला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. परंतु त्याचा भर कला व विज्ञान शाखांवर होता. व्यापारी विद्येचे मोठे केंद्र निघाले ते वर्ध्यास. जमनालालजी बजाज हे स्वतः कापसाचे व्यापारी आणि शालेय शिक्षण जेमतेम. त्यांनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या शिक्षा मंडळाने गोविंदराम सेकसरिया यांच्या देणगीतून १९४० मध्ये वाणिज्य महाविद्यालय उघडले. त्याचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल हे मातृभाषेतून शिक्षणाचे आग्रही पुरस्कर्ते होते. १९४५ मध्ये याच संस्थेचे नागपूर येथील महाविद्यालय निघाले. इकडे पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या साहाय्याने १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय काढले. कोठे कापूस, कोठे साखर. प्रत्येक वाणिज्य महाविद्यालयामागे त्या त्या प्रदेशातील मालाचा पैसा उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर हे शिक्षण जिल्ह्याच्या गावी आले. अकोल्यास बेरार जनरल एज्युकेशन सोसायटीचे श्रीमती लक्ष्मीबाई राधाकिसन तोष्णीवाल वाणिज्य महाविद्यालय निघाले. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये स्थापिलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने तालुक्याच्या गावांतही महाविद्यालये काढली. अकोटचे श्री शिवाजी महाविद्यालय त्यांपैकीच. बहुजन शेतकऱ्यांच्या मुलांसाठी निघालेल्या या संस्थेचा लाभ व्यापारी घरांतील मुलांनाही झाला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. एकाच बाकावर एका बाजूला कापूस पिकविणाऱ्याचा आणि दुसऱ्या बाजूला तो विकत घेणाऱ्याचा मुलगा बसून ताळेबंद शिकला. या बाकाने बाजारातील अनेक गैरसमज दूर केले.

१९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध रूढ झाला. माझी पिढी या पद्धतीच्या आरंभीची. पुस्तपालन व लेखाकर्म, व्यापारी कायदा, कंपनी कायदा, अंकेक्षण, परिव्यय लेखांकन, आयकर, सांख्यिकी, अधिकोषण अशी भारदस्त नावांची पुस्तके आम्ही मराठीतून वाचली. आमच्यापैकी जे अकोल्यास जात, ते खंडवा-अकोला मीटरगेज गाडीने किंवा एस.टी.ने. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर दुकान. ग्राहकापुढे ठाण उलगडताना भागीदारी कायद्याची कलमे मनात घोळत. ती मीटरगेज २०१७ च्या प्रारंभी बंद झाली आणि अकोट-अकोला ब्रॉडगेज गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली.

माझ्या पदवीपत्रावर नागपूर विद्यापीठाची मुद्रा आहे. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, त्यामुळे माझ्या मागून शिकलेल्यांच्या पदवीपत्रावर अमरावतीचे नाव आले. पुढे या विद्यापीठास संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. अंगावर चिंध्या पांघरून धर्मशाळा व शिक्षणसंस्थांसाठी लाखो रुपये उभे करणाऱ्या आणि त्यातील पैही स्वतःसाठी न वापरणाऱ्या संताचे नाव आपल्या विद्यापीठास आहे, हे हिशेब शिकणाऱ्यांनी सतत लक्षात ठेवावे.

गादीवर पदवीचा उपयोग

पदवी घेऊन दुकानात बसल्यावर वडिलांनी विचारले, "आता सांग, कॉलेजात काय नवीन शिकलास?" व्याजाचे आकडे आमचे मुनीमजी माझ्याहून जलद काढत. मालाची पारख वडिलांची. नव्याने सांगण्यासारखे माझ्याजवळ त्या दिवशी खरोखरच फारसे नव्हते. उत्तर काळानेच दिले.

आयकर कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन ४० लाखांवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यास सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घेणे बंधनकारक झाले. प्रथमच बाहेरचा मनुष्य आपल्या वहीत प्रश्न विचारू लागला. वडिलधाऱ्यांना ते अपमानासारखे वाटे. 'आमच्यावर विश्वास नाही का?' हा त्यांचा सवाल असे. अंकेक्षण हा अविश्वास नसून विश्वासाला दिलेला पुरावा आहे, हे त्यांना घरातल्याच बी.कॉम. मुलाने समजावून सांगितले, म्हणून ते पटले.

त्यानंतर १९८८-८९ पासून सर्वांसाठी ३१ मार्च हे एकच वर्षअखेर ठरले. दिवाळी ते दिवाळी चालणारे आपले व्यापारी वर्ष कायद्याच्या दृष्टीने संपले. वहीपूजन दिवाळीत आणि ताळेबंद मार्चमध्ये, हा मेळ घालताना जुन्या मुनीमजींची तारांबळ उडाली. नव्या पिढीने तो घातला.

सर्वांत मोठी परीक्षा १ जुलै २०१७ रोजी आली. १९५७ पासून कापडावर विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादनशुल्क घेतले जाई, त्यामुळे कापड दुकानदाराला विक्रीकराचा फारसा अनुभव नव्हता. वस्तू व सेवा कर आला आणि साध्या कापडावरही पाच टक्के कर लागून विवरणपत्र संगणकावर भरणे आले. सुरतेसारख्या पेठा तेव्हा अनेक दिवस बंद होत्या. छोट्या गावांतील कित्येक जुन्या दुकानदारांनी याच काळात दुकान आवरते घेतले. त्यांचा व्यापार खोटा नव्हता. त्यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात होता आणि तो कागदावर आणून देणारे घरात कोणी उरले नव्हते.

भावाभावांच्या वाटण्यांतही हेच दिसते. भागीदारीचा कायदा १९३२ चा. तरी भागीदारीपत्र लिहिणे म्हणजे भावावर अविश्वास, अशी समजूत अनेक घरांत होती. पहिली पिढी प्रेमाने निभावून नेते, तिसऱ्या पिढीत प्रकरण कोर्टात जाते. वेळीच लिहिलेल्या दोन पानांनी नाती वाचतात.

आज आपल्यापुढील प्रश्न

वहीने आपल्याला स्वतःशी प्रामाणिक राहण्यास शिकविले. पदवीने तो प्रामाणिकपणा दुसऱ्यास दाखविण्याची रीत शिकविली. दोन्ही लागतात. पहिल्याशिवाय दुसरी म्हणजे कूटलेखक्रियेचे सुधारलेले रूप. दुसऱ्याशिवाय पहिला म्हणजे कोणालाही न कळणारे पुण्य.

ट्रस्टच्या कारभारात तर हे अधिकच खरे आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार दरवर्षी लेखापरीक्षण बंधनकारक आहे. परंतु आपल्या दृष्टीने त्याहून मोठे बंधन धर्माचे. देवद्रव्य, ज्ञानखाते, जीवदया, साधारण खाते यांची सरमिसळ होता कामा नये. दात्याने ज्या हेतूने दिले, त्याच हेतूने ते खर्च व्हावे. 'न्यासापहार' या शब्दातील न्यास आणि आजच्या कायद्यातील न्यास हा एकच शब्द आहे, याचे स्मरण विश्वस्तांनी नित्य ठेवावे.

आता चित्र पुन्हा बदलत आहे. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीचा मार्ग खुला झाला आहे. हिशेब लिहिण्याचे काम संगणक करतो. आपली मुले पुणे-मुंबईस जातात आणि बहुतेक परत येत नाहीत. मुलींनी वाणिज्य शाखेत उत्तम यश मिळविले आहे. परंतु दुकानाच्या गादीवर अथवा विश्वस्त मंडळात त्यांना स्थान देण्यास आपण अजून कचरतो. पदवी मिळविण्याची अडचण आता राहिलेली नाही. तिचा उपयोग या गावाला व समाजाला कसा होईल, याचा विचार व्हावयास हवा.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात तीन नम्र सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, ज्ञानखात्यातून दरवर्षी वाणिज्य शाखेच्या काही गरजू विद्यार्थ्यांचे शुल्क व बाहेरगावच्या निवासाचा खर्च उचलावा. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या वसतिगृहांनी जे केले, ते लहान प्रमाणावर आपणही करू शकतो. दुसरी, ट्रस्टचा वार्षिक हिशेब सोप्या मराठीत, सभागृहात सर्वांसमक्ष वाचण्याचे काम दरवर्षी एका नव्या पदवीधर मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे. तिसरी, जुन्या पेढ्यांच्या वह्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात, त्या जाऊ देऊ नयेत. कोणत्या साली कापसाचा भाव काय होता, कोणत्या दुष्काळात कोणाची उधारी माफ झाली, मंदिराच्या जीर्णोद्धारास कोणी किती दिले, हा सारा अकोटचा इतिहास त्या लाल बांधणीत आहे. मोडी वाचणारे डोळे दिवसेंदिवस कमी होत आहेत. ट्रस्टने एक कपाट जरी या वह्यांसाठी राखले, तरी पुढच्या पिढीवर मोठे उपकार होतील.

ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत ज्यांनी निःस्वार्थ भावनेने हिशेब लिहिले, तपासले आणि पै-पैचा मेळ लागेपर्यंत दिवा मालवला नाही, त्या सर्व ज्ञात-अज्ञात कार्यकर्त्यांना विनम्र अभिवादन.